पहिली सुई कोणाला टोचली?

फोन आला तेव्हा मी दात घासत होतो. गोटमारीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ; पोळ्यानंतर नदीच्या दोन काठांवरून लोक एकमेकांना दगड मारतात ती गोटमार. जाम नदीच्या काठावर नगरपालिकेची माणसं दगड गोळा करून ट्रॉलीत टाकत होती, त्याचा खडखडाट आमच्या अंगणापर्यंत येत होता. फोन सौंसरहून होता, शोभाचा. शोभा म्हणजे ताईच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. "काका, तुम्ही या," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "दवाखान्यात नेलं का?" ती म्हणाली, "नाही... काका, तुम्ही या फक्त." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि राहिलेले दात घासले. चूळ भरली. टॉवेलनं तोंड पुसून टॉवेल दोरीवर सरळ पसरला. मग आत जाऊन बायकोला सांगितलं, "ताई गेली." ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मी मात्र सौंसरची बस किती वाजता आहे ते आठवत उभा होतो.

त्याला आता आठ आठवडे होत आले. मला अजून रडू आलेलं नाही. मोक्षधामात मी लाकडं मोजून घेतली, भटजींना काय हवं-नको ते पाहिलं, मोहगावच्या बाजूनं ट्रॅक्टरमध्ये बसून आलेल्या बायांना पाणी दिलं. त्यातल्या एकीनं माझा हात धरून सांगितलं, "माह्या तिन्ही लेकरायची नाळ यायनंच कापली." मी म्हटलं, "हाव." लोक म्हणाले, मधुकरराव मोठ्या धीराचे. धीर वगैरे काही नव्हता. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला वाटत नाही, दाबला तरी कळत नाही, तसं काहीतरी झालंय. फक्त मुंग्या अजून यायच्या आहेत.

सुमनताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आमचं घर पांढुर्ण्याचं, वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. मुलीनं नोकरी करावी असं घरात कुणाच्या मनात नव्हतं, पण ताईनं छिंदवाड्याला जाऊन एएनएमचं शिक्षण घेतलं आणि मोहगावच्या बाजूच्या एका उपकेंद्रात नर्स म्हणून लागली. गावोगाव फिरून बाळंतपणं करायची, लेकरांना लस टोचायची. खांद्याला बर्फाचा डबा, हातात रजिस्टर, पायात प्लास्टिकच्या चपला. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे तिला विचारायची घरात कुणाची टाप नव्हती. पुढे बदली होऊन सौंसरला आली, तिथंच दोन खोल्यांचं घर बांधलं आणि निवृत्त झाल्यावर तिथंच राहिली. मी पांढुर्ण्याला शाळेत गणित शिकवत राहिलो. दरवर्षी गोटमारीच्या दिवशी तिची ड्यूटी पांढुर्ण्याला लागायची, तेव्हा ती आमच्याकडे मुक्कामाला असायची. दिवसभर फुटलेली डोकी बांधून संध्याकाळी यायची, हात धुता धुता म्हणायची, "तुह्या शाळेतले तिघं होते आज. टाके पडले. गणितात कसे आहेत रे ते?"

तिची एक पद्धत होती. सुई टोचण्याआधी ती आईला सगळं सांगायची. हे गोवराचं आहे, आज ताप येईल, उद्या उतरेल, नाही उतरला तर मले निरोप पाठव. रांग कितीही असो, हे सगळं प्रत्येकीला वेगळं सांगायची. सोबतची माणसं वैतागत. एकदा मी तिच्यासोबत होतो, उन्हाळ्याची सुट्टी होती म्हणून. मी म्हटलं, सगळ्यांना एकदाच ओरडून सांग न. ती म्हणाली, "लेकरू काय सगळ्यायचं एकच आहे का?"

गेल्याच्या मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला की दाढ दुखून राह्यली. मी म्हटलं, लवंग ठेव. तिनं लवंग ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी बादली उचलताना तिला दरदरून घाम आला आणि ती ओट्याला टेकून खाली सरकली. शोभाच्या नवऱ्यानं जीपमध्ये घालून सावनेरमार्गे नागपूरला नेलं. मी पांढुर्ण्याहून गाडीनं पोहोचलो तोवर नळीत स्टेंट बसवून झाला होता. डॉक्टरांनी मला कागदावर हृदय काढून दाखवलं आणि त्याचा पुढचा भाग पेनानं रंगवला. "झटका येऊन दीड दिवस झालाय. बायकांमध्ये, त्यातून वय झालेल्या, छातीत कळ येईलच असं नसतं. जबडा दुखतो, पाठ दुखते. नळी आता उघडलीय, पण हा भाग मेलाय. चामड्यासारखा झालाय, आकुंचन पावत नाही. उरलेलं हृदय त्याचंही काम ओढतंय." आयुष्यभर दुसऱ्यांची लक्षणं ओळखणारी माझी बहीण स्वतःच्या हृदयाचं दुखणं दीड दिवस लवंगेनं दाबत बसली होती. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. तीच एकदा म्हणाली, "माहं कोणी नर्स नव्हतं न, मधू."

घरी आल्यावर ती बरी होती म्हणायची. गोळ्या वेळेवर, मीठ कमी. पण वेणी घालायला तिला दोनदा थांबावं लागे. हात वर धरले की दम लागायचा. मग ती केस तसेच मोकळे सोडून खुर्चीत बसून राहायची आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरुवात करायची. एकाहत्तर वर्षांची बाई, पण मी तिला केस मोकळे सोडून बसलेली त्याआधी कधी पाहिली नव्हती.

सहाएक महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. झटका येऊन हृदयाचा भाग निकामी झालेल्या, वय झालेल्या रुग्णांवर तो चालू होता. रुग्णाच्याच कमरेच्या हाडातला मगज सुईनं काढायचा, त्यातल्या स्टेम सेल म्हणजे मूलपेशी वेगळ्या करायच्या आणि बारीक नळीनं हृदयात सोडायच्या. ताईनं विचारलं, "सगळ्यायले सोडता?" डॉक्टर म्हणाले, "नाही. निम्म्यांना पेशी, निम्म्यांना नुसतं सलाईनचं पाणी. हाडातून मगज मात्र सगळ्यांचा काढतो, म्हणजे कुणाला काय मिळालं ते रुग्णालाही कळत नाही आणि मलाही कळत नाही. चिठ्ठी लिफाफ्यात बंद असते. तुमच्या गोळ्या दोन्हीकडे चालूच राहतील."

"मी एकाहत्तरची," ताई म्हणाली. "माह्या हाडातल्या पेशीही एकाहत्तरच्याच न?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "तेच तर माहीत नाही आम्हाला. तरुण रुग्णांवर बऱ्यापैकी पाहून झालंय, म्हाताऱ्या माणसांवर कमी. आणि सिस्टर, नवं हृदय उगवेल असं मी तुम्हाला सांगत नाही. त्या पेशी जाऊन स्वतः स्नायू बनतात, असं आता फारसं कुणी मानत नाही. जो भाग जिवंत आहे त्याला त्यांची काही मदत होते का, एवढंच पाहतोय. होणारही नाही कदाचित."

तिनं कागद घरी मागून घेतले. बाहेर बाकावर चहा घेताना मी सरळ सांगितलं की यात पडायचं नाही. "तू काय उंदीर आहेस का, तुह्यावर पाहून राह्यले? आणि निम्म्यायले तर पाणी. उगाच हाडात सुया टोचून घ्यायच्या?"

ती चहा फुंकत राहिली. मग म्हणाली, "नोकरीच्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगू? मोहगावच्या पलीकडे एका खेड्यात गेली होती. एक म्हातारी दारात आडवी उभी राहिली, कमरेवर नातू. मले म्हणे, हे सुई पयले कोणाच्या लेकराले टोचली होती? मी म्हटलं, आजी, लाखो लेकरायले टोचली. ती म्हणे, लाखोचं नको सांगू बाई. पयलं कोण, ते सांग... मले सांगता नाही आलं. कोणीतरी असंलच न, मधू. कोणाची तरी माय हो म्हटली असंल, तिले काही माहीत नसताना. तिच्या भरवशावर मी तीस वर्षं टोचत फिरली."

"तू तर पहिली नाहीस. आधी केलंय त्यांनी."

"म्हाताऱ्यायमधी तर पहिल्याच फळीत आहे न," ती म्हणाली आणि कपाच्या तळाशी राहिलेली साखर बोटानं पुसून खाल्ली.

सगळे कागद तिनं वाचले, मराठी आणि हिंदी दोन्ही, आणि दोघांत एका जागी फरक होता तो पेन्सिलीनं खूण करून डॉक्टरांना दाखवला. सही केली. शेवटच्या पानावर एक रकाना होता, लिफाफा उघडल्यावर काय मिळालं ते कळवायचं का, आणि रुग्ण नसल्यास कुणाला कळवायचं. तिनं माझं पूर्ण नाव घातलं. मी म्हटलं, असं काय लिहितेस. ती म्हणाली, "रकाना आहे तर भरा लागते."

त्या दिवशी सकाळी तिच्या कमरेच्या हाडातून मगज काढला. मी बाहेर होतो. नंतर ती म्हणाली, दुखत नाही, ओढल्यासारखं वाटते, आपल्या आतून कोणी दोरा काढून राह्यलं असं. दुपारी तिला स्ट्रेचरवर घालून नळी घालायच्या खोलीकडे नेलं. त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं एक तरुण तंत्रज्ञ हातात झाकणाचा डबा घेऊन आला. त्यात एक तर तिच्या पेशी होत्या, नाही तर पाणी. ताईनं मान वळवून त्या डब्याकडे पाहिलं. तिच्या खांद्याला असा डबा जन्मभर होता. "झाकण नीट लागलं नाही तुमचं," ती त्या मुलाला म्हणाली. त्यानं पाहिलं, खरंच एक कडी उघडी होती. त्यानं ती लावली आणि दोघं आत गेले.

मी गणिताचा माणूस. निम्मी शक्यता म्हणजे काय, ते मी पोरांना नाणं उडवून शिकवलंय. पण तीन महिन्यांनी नागपूरच्या दवाखान्यात जे पाहिलं त्यानंतर माझं गणित मागे पडलं. तिथं एक चाचणी असायची, सहा मिनिटांत रुग्ण किती चालतो ते पाहायची. लांब व्हरांडा, दोन्ही टोकांना खुर्च्या, घड्याळ घेऊन उभी असलेली एक मुलगी. पहिल्या वेळी ताई दोनदा बसली होती. या वेळी ती एकदाही बसली नाही. पदर खोचून, ओठ मिटून, फेऱ्या घालत राहिली, जशी पूर्वी नाला ओलांडून पलीकडच्या खेड्याला निघायची तशी. मुलीनं "झालं" म्हटलं तेव्हा ती भिंतीला टेकली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "काऊन, तुह्या डोळ्यांत पाणी काऊन?"

"पेशी भेटल्या तुले, ताई. खात्रीनं भेटल्या."

"गोळ्यांनं असंल. चालायची सवय झाली, त्यानं असंल."

"पाण्यानं माणूस असं चालते का?"

"तुले कोणं सांगतलं पेशी सोडल्या म्हणून? त्या लिफाफ्यात काय आहे ते डॉक्टरले माहीत नाही, आणि तुले माहीत आहे."

तिनं मला असं बरेचदा झापलं. पण मी ऐकलं नाही. पांढुर्ण्यात मी ज्याला-त्याला सांगत सुटलो की माझ्या बहिणीच्या हृदयात नव्या पेशी सोडल्यात. पानठेल्यावर सांगितलं, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना सांगितलं. लोक आपापल्या आईबापांची कागदपत्रं घेऊन घरी यायला लागले, आणि मी ज्याला एमबीबीएसमधलं अबकड कळत नाही तो त्यांना समजावून सांगू लागलो. हे ताईच्या कानावर गेलं तेव्हा ती खरंच चिडली. फोनवर म्हणाली, "कोणाच्या म्हाताऱ्या मायबापाले आस लावू नको, मधू. ज्याची खात्री नाही ते टोचायचं नसते." पण त्या हिवाळ्यात ती आमच्याकडे राहायला आली, आणि नागपूरच्या गाडीतून उतरून पांढुर्ण्याच्या स्टेशनावरचा पूल स्वतःच्या पायांनी चढली. वर पोहोचल्यावर कठड्याला धरून उभी राहिली, खाली रूळ पाहत. वेणी घट्ट घातलेली होती. मी बॅग घेऊन मागे होतो. त्या वेळी मला काहीतरी वाटलं होतं, एवढं मला आठवतं. ते वाटणं कसं होतं, ते आता आठवून पाहतो तर हाती लागत नाही.

पावसाळा लागला तशी ती फोनवर कमी बोलू लागली. मला ते जाणवलं, पण त्याचं मी काही केलं नाही. पोळ्याच्या दोन दिवस आधी, बुधवारी सकाळी, तिचा फोन आला. आमच्याकडे धावपळ होती. मुलगा-सून इंदूरहून येणार होते, नातीचा पहिला तान्हा पोळा, तिच्यासाठी सुताराकडून लाकडाचा बैल आणला होता. मी बैल रंगवत बसलो होतो, हाताला गेरू लागलेला, म्हणून फोन खांद्यात धरला होता.

"मधू, पायावर बोट दाबलं तर खड्डा पडून राह्यला," ती म्हणाली.

"पावसाची हवा आहे. मीठ कमी कर."

"मीठ तर बंदच आहे. झोपलं की दम लागते थोडा. दोन उशा घेतल्या."

"पोळा होऊ दे. गोटमार झाली की रस्ते मोकळे होतील, मग जाऊ नागपूरले. सोमवारी जाऊ. तुले काय होते आता, तुले तर पेशी भेटल्या."

मला वाटलं लाइन गेली. मी हॅलो हॅलो केलं. मग ती म्हणाली, "बरं. बैलाले शिंगं लावली का?" मी म्हटलं, लावली. ती म्हणाली, "घुंगरू आण त्याले. पोरीले आवाज आवडते."

घुंगरू मी आणले. शनिवारी, तान्ह्या पोळ्याला, नातीनं बैल गल्लीभर ओढला. तिकडे नदीवर गोटमार चालू होती, लाउडस्पीकर ऐकू येत होता. त्या दिवशी मी ताईला फोन केला नाही. रविवारी सकाळी शोभाचा आला. शोभा दूध घेऊन गेली तेव्हा ताई पलंगाच्या कडेला, भिंतीला तीन उशा लावून बसलेली होती. बसल्या बसल्याच गेली. सोमवारी आम्ही नागपूरला जाणार होतो, त्या वेळी मी तिच्या घरी सतरंज्या झटकत होतो.

तेरवी झाल्यानंतर काही दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. अभ्यासातला रुग्ण दगावला की त्याचा अहवाल करावा लागतो, समिती तपासते, त्या रुग्णाचा लिफाफाही उघडते. डॉक्टर स्वतः बोलत होते. शेवटच्या दिवसांत काय त्रास होता, घरी वजन लिहून ठेवत होत्या का, काही कागद असतील तर घेऊन या, म्हणाले. म्हणून मी सौंसरला गेलो. दुपारची वेळ, घर बंद राहिल्यानं कोंदट झालेलं. स्वयंपाकखोलीत गॅसच्या वर मराठी कॅलेंडर टांगलेलं होतं. मी ते याआधी शंभरदा पाहिलं असेल, पण तिथं उभं राहून वाचलं नव्हतं. रोजच्या चौकोनात पेन्सिलीनं बारीक आकडे होते. तिचं रोज सकाळचं वजन. हृदय थकलेल्या माणसाचं वजन दोन-चार दिवसांत भराभर वाढलं तर अंगात पाणी साठतंय असं समजायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा, हे आम्हा दोघांनाही नागपूरला सांगितलं होतं. ती ते विसरली नव्हती.

जानेवारीपासून जुलैपर्यंत आकडा जवळजवळ तोच होता. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तो वर सरकायला लागला, थोडा, मग जास्त. एका चौकोनात आकड्याखाली लिहिलं होतं, पाय सुजले. दुसऱ्या दिवशी, लघवीची गोळी अर्धी जास्त. त्याच्या पुढच्या चौकोनात, बुधवारच्या, "मधूला सांगितलं." गुरुवारी नुसता आकडा. शुक्रवारी आकडा, शेजारी छापलेला पोळ्याचा बैल. शनिवारी आकडा. रविवारचा चौकोन रिकामा.

मी स्टुलावर बसलो. तिनं राग म्हणून लिहिलं नव्हतं. जन्मभर तिला सवय होती ती, कुणाला काय कळवलं ते नोंदवायची. एवढं मला कळत होतं. आणि हेही कळत होतं की ऑगस्टचं पान काढून घेतलं तर कुणाला पत्ता लागणार नाही. कॅलेंडरची पानं तशीही फाटतात. डॉक्टरांना सांगता आलं असतं, शेवटी शेवटी लिहिणं सोडलं होतं तिनं. मी पान वर केलं, कोपरा बोटात धरला. त्या वेळी भिंतीपलीकडे शोभाच्या घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. तीन झाल्या, चौथी झाली. मी पान सोडून दिलं. का सोडलं, ते मला नीट सांगता येणार नाही. तिचं अक्षर होतं ते... फाडवलं नाही, एवढंच. मग अख्खं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, गुंडाळी केली आणि वर रबर लावलं.

गेल्या आठवड्यात नागपूरला गेलो. डॉक्टरांच्या खोलीत त्यांच्याशेजारी एक मुलगी बसली होती, अभ्यासाचे कागद भरणारी, नवीन लागलेली. डॉक्टरांनी आधी पाणी दिलं. मग म्हणाले, "लिफाफा उघडलाय. सिस्टरांनी तुमचं नाव लिहून ठेवलं होतं. पण तुम्हाला नको असेल तर मी सांगणार नाही."

"सांगा," मी म्हटलं.

"पेशी दिल्या होत्या."

म्हणजे माझा अंदाज बरोबर निघाला. वर्षभर मी जे सगळ्यांना सांगत फिरलो ते खरं होतं. मी खुर्चीत बसलो होतो आणि त्या बरोबर निघण्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. पाणी निघालं असतं तर निदान चिठ्ठीला बोल लावता आला असता. मी विचारलं, "मग ती जे चालायला लागली ते त्यामुळेच न?"

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पाणी मिळालेले काही रुग्णही चालायला लागलेत. नीट गोळ्या, रोजचं चालणं, वेळच्या वेळी तपासणी, यानंही फरक पडतो. एका माणसावरून काही ठरत नाही. सगळ्यांचं एकत्र पाहिल्यावर कदाचित कळेल. कदाचित तेव्हाही नाही."

"आणि पेशी मिळालेल्या माणसाच्या पायांना सूज आली तर?"

ते हळूच म्हणाले, "तर लगेच आणायचं. पेशी मिळोत नाही तर न मिळोत."

मी कॅलेंडर टेबलावर उलगडलं. गुंडाळी परत परत मिटत होती, म्हणून त्या मुलीनं एका बाजूला पेपरवेट ठेवलं आणि एक एक आकडा आपल्या कागदावर उतरवायला लागली. चांगलं अक्षर होतं हो मॅडमचं, म्हणाली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च... मी पंख्याचा आवाज ऐकत होतो. ऑगस्टच्या पानावर तिचा वेग कमी झाला. पाय सुजले, तिनं उतरवलं. गोळी अर्धी जास्त, उतरवलं. मग पेन थांबलं.

"मधूला सांगितलं," तिनं वाचलं आणि वर पाहिलं. "काका, हे मधू कोण? त्यांच्याशी बोलावं लागेल. सांगितल्यावर त्यांनी काय केलं, ते इथं लिहायचंय."

"मी," मी म्हटलं.

ती डॉक्टरांकडे बघायला लागली. डॉक्टर म्हणाले, आज राहू द्या, नंतर कधी फोनवर घेऊ. मी म्हटलं, नाही, आत्ताच लिहा. आणि मी सांगत गेलो. बुधवारी, सकाळी, साडेनऊच्या सुमाराला. ती म्हणाली पायावर खड्डा पडतो. ती म्हणाली झोपलं की दम लागतो, दोन उशा घेतल्या. मी म्हटलं पोळा होऊ दे. मुलगी लिहीत होती, मधेच विचारत होती, नेमके हेच शब्द का काका, आणि मी हो म्हणत होतो. शेवटी तिनं तो कागद माझ्यासमोर सरकवला. मी चष्मा लावून सगळा वाचला. एका ठिकाणी तिनं 'दोन दिवसांनी नेतो' असं लिहिलं होतं. ते खोडून मी 'सोमवारी' केलं, बाजूला छोटी सही केली आणि खाली पूर्ण नाव लिहिलं.